चाक सरळ बसलंय का बघ

—नको, तो पाना ठेव, तो आमच्या काळ्या सायकलींचा. तुझ्या सायकलीला नट आहेत कुठं? ते बघ, बोल्टाच्या डोक्यात सहा कोपऱ्यांचं भोक आहे, त्याला ती वाकडी किल्ली लागते—एलन-की म्हणतात ना—ती आहे आमच्याकडं. फळीवरचा तो डबा दे इकडं. तुझा हात पोचतो, माझा आता पोचत नाही. हां. पंक्चर नाही झालेलं, उगाच टायर दाबून बघू नकोस. तुझं मागचं चाक पुढं सरकलंय. चाक पुढं आलं की चेन सैल पडते, आणि सैल चेन खड्ड्यात उडते—तळ्याकडच्या त्या रस्त्याला उडणारच, जत्रेच्या गाड्यांनी चाळण करून ठेवलीय त्याची. बाजूचे बोल्ट शेवटचे कधी पिळले होतेस? नाही ना आठवत. तरी बरं, गळून नाही पडले. आधी पाणी घे, मग कर. घाई आहे का? रविवार आहे, घाई कसली.

असा बघू नकोस माझ्याकडं. मला सायकलीतलं काही कळत नाही. शाळेत माझ्या बहिणी चालवायच्या, मी कधी चालवलीसुद्धा नाही. मला ही एकच गोष्ट कळते, ही मागची—ही पट्टी आणि तिच्यातली ही लांब खाच. कारण आमच्याकडं आहे ना एक. तिकडं, शेडमध्ये, गोणपाटाखाली. जा, बघून ये, हरकत नाही. गोणपाट हळू उचल, धूळ आहे… बघितलीस? तुझी अमेरिकेहून आली म्हणतोस, ही इथल्या इथं झाली, त्याच शेडमध्ये. गियर नाही, मागं एकच चक्र, जाड टायर, आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना तीच सरकणारी पट्टी. पट्टीला दोन बोल्ट आणि मागून एक स्क्रू. स्क्रू फिरवला की पट्टी चाकाला घेऊन मागं जाते, चेन ताणली जाते, मग बोल्ट पिळायचे. झालं. कुणी केली? माझ्या नवऱ्यानं, आणि—एक वेल्डर होता गोखिवऱ्याचा, त्यानं. विकायची? नाही रे बाबा. ती विकायची नाहीये. बस इथं ओट्यावर, आणि ते चेनचं काळं हाताला लागलंय ते पँटला पुसू नकोस, हे फडकं घे.

प्लासिड. माझा नवरा. आमच्यात नाव घेतात, दचकू नकोस. आमची घरातली बोलीसुद्धा वेगळी, ती बोलले तर तुला निम्मं कळायचं नाही, म्हणून तुझ्याशी शाळेतली मराठी बोलतेय. तर प्लासिड. जन्मला याच वाडीत, पण केळीकडं त्याचं लक्ष कधी नव्हतं, त्याला लोखंड आवडायचं. गोखिवऱ्याला एका गाळ्यात पावर प्रेसवर कामाला होता, आणि जायचा कसा, तर सायकलनं. इथून सोपारा, मग रेल्वे ओलांडून पूर्वेला, मग खाली गोखिवरे. बस असताना. मी म्हणायची, पोचेपर्यंतच दमतोस, काम काय करणार? तर म्हणायचा, सायकलवर माणूस दमत नाही, प्रेसवर दमतो. आमच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तेव्हा सायकलींची शर्यत असायची—आता नसते, आता डीजे असतो—त्यात तो दरवर्षी. पहिला यायचा का? एकदा आला. बाकी दुसरा, तिसरा, एका वर्षी थेट बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात. पण असायचा. आणि देवळात—चर्चला आम्ही देऊळच म्हणतो—कॉयरमध्ये मागच्या रांगेत उभा राहून खालच्या आवाजात गायचा. घरात मात्र बोलणं कमी. घरात तो असायचाच कधी म्हणा.

त्या गाळ्यात एकदा बाहेरदेशची ऑर्डर आली. ह्याच पट्ट्या. एवढीशी वस्तू, जाड, मध्ये लांब खाच, आणि कशासाठी आहे ते गाळ्यात कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणे शिलाई मशीनचं आहे, कुणी म्हणे दाराचं. एक खराब निघालेली घरी घेऊन आला, मी ती मागच्या दाराला अडकवण म्हणून लावली. मग कुणीतरी साहेबानं त्यांना चित्र दाखवलं, त्या सायकलचं. त्या दिवशी जेवताना मला समजावत होता—ताटलीचं चाक, चमच्याची चेन. म्हणे, तिकडं लोकांना गियर मिळतात, तर काही लोक ते काढून टाकतात आणि एकाच चक्रावर डोंगर चढतात. मग चेन ताणायला काहीतरी हवं, त्यासाठी ही पट्टी. मी म्हटलं, मिळतंय ते काढून टाकायचं, हे कसलं खूळ? तो हसला. मला म्हणाला, रेजिना, म्हणजे त्यांची सायकल शेवटी आपल्यासारखीच झाली. खूप हसला त्यावर. मला एवढं हसण्यासारखं काही वाटलं नाही, पण तो हसला म्हणून मीही हसले.

कारगिलची लढाई चालली होती ते वर्ष. टीव्हीवर सारखं तेच. प्रेसला पुढून एक जाळी असते. जाळी खाली येते, मगच प्रेस पडतो, म्हणजे हात आत राहत नाही. पण जाळीनं काम हळू होतं, आणि माल तर लवकर हवा होता. म्हणून ती काढली. कुणी काढली—मालकानं सांगितलं, सुपरवायझरनं काढली. काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, दिसत होती सगळ्यांना. लोक तिच्यावर टॉवेल वाळत टाकायचे. मला प्लासिडनंच सांगितलं होतं हे, आणि मी म्हटलंही होतं, तू सांग ना त्यांना परत लावायला. तो म्हणाला, सांगतो. सांगितलं की नाही कोण जाणे. तर त्या दिवशी… डाव्या हाताची चारही बोटं. अंगठा तेवढा राहिला. हो, ह्याच पट्ट्या करताना. नको, तसं तोंड करू नकोस, तुझ्या सायकलीच्या पट्ट्या नसतील त्या, जगात कितीतरी ठिकाणी होत असतील. तू स्क्रू फिरव. दोन्ही बाजूंचा सारखा फिरव, एकाच बाजूचा नको.

घरी आल्यावर त्यानं आरडाओरडा केला नाही, रडला नाही. हात खिशात घातला, तो खिशातच. घरातसुद्धा. मिस्साला, देवळातल्या रविवारच्या प्रार्थनेला, आला तर मागच्या दाराशी उभा. शांती देतात ना एकमेकांना—तुला नाही माहीत, मिस्सामध्ये एक वेळ असते, शेजाऱ्याला हात द्यायचा—त्याच्या आधी तो बाहेर पडायचा. कॉयर सोडला. मी म्हटलं, गायला बोटं कशाला लागतात? तर माझ्याकडं असं बघितलं की मी परत कधी काढलं नाही. शर्टाची बटणं मी लावायची. भाकरी मोडून द्यायची. बुटाच्या नाड्या आमच्या जुलियानानं बांधायच्या, शाळेत जाता जाता. आणि त्याची सायकल बाहेर उभी, भिंतीला. काळी साधी सायकल. तिचीही चेन एकदा सैल झाली. आता साध्या सायकलीत काय करायचं असतं—चाक एका हातानं मागं ओढून सरळ धरायचं आणि दुसऱ्या हातानं नट पिळायचा. मला बोलवायचं ना. नाही बोलवलं. मी मागच्या दारातून बघत होते. गुडघ्यानं चाक धरायचा, पिळायचा, चाक तिरकं बसायचं, परत सोडवायचा, परत तिरकं. दुपारची वेळ, डोक्यावर ऊन. शेवटी पाना केळीत भिरकावला आणि आत येऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. मी पाना शोधून आणला, पुसून जागेवर ठेवला.

मग चौकशीला सरकारी माणूस आला. गाळ्यात एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, प्रेसला जाळी होती का? प्लासिडच्या शेजारच्या जागेवर एकच माणूस काम करायचा, तो वेल्डर. त्यानं सगळं बघितलेलं. खरं तर त्यानंच प्लासिडला उचलून रिक्षात घातलं होतं, आपला शर्ट फाडून हात बांधला होता. आणि त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, होती. जाळी होती. बास, एवढंच. जाळी होती म्हणजे मग प्लासिडनंच काढली असणार—असं झालं. चूक त्याची स्वतःची. आणि गाव म्हणजे काय, तुला माहीत आहे. लगेच बोलायला लागले, प्यायला असेल. प्लासिड सणाला अर्धा ग्लास वाईन घ्यायचा, त्यावर नाही. माझ्या सख्ख्या नणंदेनं विचारलं मला विहिरीवर, खरं सांग रेजिना, घेत होता का? बोटं गेली त्याचं मला जेवढं लागलं ना… जाऊ दे. त्या वेल्डरची बायको तेव्हा बाळंतीण होती, धाकटा भाऊ त्याच गाळ्यात नुकता चिकटलेला, आणि मालक केबिनमध्ये समोर बसलेला. हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की हा माणूस आमच्याकडं सणाला जेवायला आलेला आहे. माझ्या हातची डुकराच्या मटणाची इंदियाल खाल्लीय त्यानं—नाही, तो माळकरी नव्हता, सगळं खायचा—आणि वर म्हणाला होता, वहिनी, घरी न्यायला थोडी द्या.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी तो गेटवर येऊन उभा. हे आत्ता तुझी सायकल टेकवलीय ना, तिथंच. हातात सिमेंटच्या गोणीची पिशवी. आत येईना, हाक मारीना. प्लासिड अंगणात खुर्चीवर, हात खिशात. मी मनात म्हटलं, आता उठ आणि हाकल ह्याला. प्लासिडला सगळं कळलेलं होतं, गाळ्यातल्या एकानं घरी येऊन सांगितलं होतं कोण काय बोललं ते. तो उठला नाही. म्हणाला, आत ये. मी पाणी दिलं नाही. आमच्याकडं पोस्टमन आला तरी पाणी देतात—तुला दिलं की नाही मी, तुझं नाव विचारायच्या आधी? त्याला नाही दिलं. तो खाली बसला, पिशवी उलटी केली, त्यातून ह्या पट्ट्या. खराब निघालेल्या, भंगारात टाकलेल्या. म्हणाला, प्लासिड, ह्यांची सायकल करू. एका हातानं चेन ताणता येईल.

एका हातानं, लक्षात येतंय ना? चाक हातानं धरायलाच नको. स्क्रू फिरवला की पट्टी आपोआप सरळ मागं सरकते. तू आत्ता करतोयस तसंच. गियर नकोच, कारण गियरचा खटका कुठल्या बोटानं दाबणार? ब्रेक दोन्ही उजव्या मुठीला, एका दांडीला दोन तारा. डाव्या मुठीला कातड्याचा एक पट्टा, त्यात हात अडकवायचा. हे सगळं त्यानं आधीच मनात करून आणलेलं होतं, तो वेल्डर बोलत होता आणि प्लासिड ऐकत होता, आणि मी बघितलं—प्लासिडनं खिशातून हात काढला. पट्टी उचलायला. अंगठ्यानं आणि तळव्यानं उचलली, फिरवून बघितली. दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदाच काढला तो हात. आणि तोही कुणासमोर, तर ह्याच्यासमोर. मी आत गेले. कांदा चिरत बसले. कांद्याचं काही काम नव्हतं.

मग दर रविवारी. आमची मिस्सा आटपायची, तो आलेला असायचा. नळ्या कुठून आणायचा, मशीन कुणाचं आणायचा, मी विचारलं नाही. शेडमध्ये दोघं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, कान तिकडं. वाट बघायची—आता बोलेल, आता माफी मागेल. तर सगळं बोलणं लोखंडाचं. इथं घास, तिथं ठोक, हे वाकलं, ते बसलं. दुपारी प्लासिड म्हणायचा, त्याला जेवायला वाढ. मी ताट जुलियानाच्या हाती पाठवायची. स्वतः कधी नेलं नाही. पोर विचारायची, मम्मी, तू का येत नाहीस, श्रीपतकाका विचारतात. श्रीपत. हां, श्रीपत त्याचं नाव. मूळचा चिपळूणकडचा.

आणि एक दिवस—सायकल जवळजवळ झाली होती, रंग लावायचा तेवढा बाकी होता—पहिल्यांदा चाक चढवलं. मी विहिरीवरून कळशी घेऊन येत होते, शेडच्या मागनं, त्यांना मी दिसत नव्हते. प्लासिड खाली बसून एका हातानं स्क्रू फिरवत होता. श्रीपत उभा. आणि श्रीपत म्हणाला, प्लासिड, त्या दिवशी केबिनमध्ये मी—. एवढंच म्हणाला. मी कळशी घेऊन जागच्या जागी. आणि प्लासिड मान वर न करता म्हणाला, मागून बघ, चाक सरळ बसलंय का. मी फटीतून बघितलं. श्रीपत सायकलीच्या मागं गेला, गुडघ्यावर बसला, बघत राहिला. चाक सरळ आहे की नाही हे बघायला कितीसा वेळ लागतो रे? तो बघतच राहिला. मग म्हणाला, सरळ आहे. प्लासिड म्हणाला, मग पिळतो. आणि बोल्ट पिळला. झालं. संपलं. त्यानंतर त्या दोघांत ती गोष्ट परत निघाली नाही.

मला इतका राग आला. जेवताना मी म्हटलं, बोलू का नाही दिलंस त्याला? त्याला म्हणू द्यायचं होतं, सगळ्यांसमोर म्हणायला लावायचं होतं, गावात येऊन सांग म्हणायचं होतं. प्लासिड जेवत होता, उजव्या हातानं. म्हणाला, तो बोलला असता, तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. मी म्हटलं, म्हणजे तू माफ केलंस? तर म्हणाला, मला माहीत नाही रेजिना. मला सायकल चालवायची आहे. हे असं बोलणं. आता मला त्यातलं थोडं कळतं. तेव्हा काही कळलं नाही.

चालवली, हो. खूप चालवली. पहिल्या दिवशी अंगणात पडला, दुसऱ्या दिवशी तळ्यापर्यंत गेला, मग राजोडी, कळंब, वाळूतसुद्धा. जाड टायर ना. गावातली पोरं मागं पळायची. तळ्यावर दुकानाशी उतरायचा, सगळ्यांसमोर खिशातली किल्ली काढून चेन ताणायचा—गरज असो नसो—त्या हातानं पट्टी दाबून धरून. मग परत कॉयरमध्येही गेला. शांती द्यायच्या वेळी उजवा हात द्यायचा, आणि कुणी डावा धरला तर धरू द्यायचा. आणि रविवारी दुपारी तुंगारेश्वरचा डोंगर. तिकडं गेलायस का तू? हां, मग तुला माहीत आहे, फाट्यापासून वर सगळे दगड आणि ओढे. तो ह्या सायकलवर आणि श्रीपत आपल्या काळ्या सायकलवर. श्रीपत चढावर उतरून ढकलायचा, प्लासिड पुढं जाऊन थांबायचा. वर पोचल्यावर श्रीपत देवळात जाऊन यायचा, प्लासिड ओढ्यात पाय सोडून बसायचा. मला हे जुलियानानं सांगितलं, ती गेली होती एकदा. मी म्हणायची, सगळा आठवडा वाट बघते आणि रविवार तू त्याला देतोस. तो म्हणायचा, तूही चल. कशी जाणार मी? मला सायकल येत नाही. आणि त्या माणसाशी मी बोलत नव्हते.

त्सुनामी आली बघ, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, सगळे टीव्हीसमोर बसले होते—त्याच्या थोडे दिवस आधी. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला होता, मी येशूच्या गोठ्याचं सामान काढत होते. फोन जुलियानानं घेतला. प्लासिडच्या छातीत कळ आली होती, तुंगारेश्वर चढताना. श्रीपतनं त्याला पाठीवर घेतलं आणि त्या दगडांतून, ओढ्यांतून, फाट्यापर्यंत खाली आणलं. प्लासिड काही लहान माणूस नव्हता. मग टेम्पो, मग हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी पोचले तेव्हा श्रीपत बाकावर बसलेला, पायात चप्पल नाही, पाय फुटलेले. मला बघून उठला. काहीतरी बोलणार होता. मी त्याच्या बाजूनं आत निघून गेले. मातीला आला, पण देवळाच्या आत नाही आला, बाहेर चिंचेखाली उभा राहिला, आणि सिमेटरीत सगळे निघून गेल्यावर पुढं झाला. संध्याकाळी सायकल घेऊन आला. परत डोंगरावर जाऊन आणली होती. धुतलेली, पुसलेली. शेडमध्ये लावली, गोणपाट घातलं, आणि गेला. मी खिडकीत होते.

नंतर? नंतर काय, दरवर्षी मृतांच्या दिवशी येतो. दोन नोव्हेंबर. आम्ही सिमेटरीत मेणबत्त्या लावून घरी येतो, तोवर तो येऊन शेडमध्ये बसलेला असतो. चेनला तेल घालतो, हवा भरतो, स्क्रू फिरवतो. सायकल वर्षभर हलत नाही, तिची चेन सैल होणार कुठून? तरी करतो. जुलियानाचं लग्न झालं, ती पापडीला गेली, आता त्या दिवशी घरात आम्ही दोघंच असतो, तो शेडमध्ये आणि मी आत. बोलत नाही. मी चहा करते. त्याच्यासाठी नाही, मला लागतो त्या वेळी… त्याच्यासाठीच करते. खिडकीत ठेवते, वर बशी झाकून. तो घेतो, कप विसळून परत तिथंच पालथा घालतो. मग गेटचा आवाज येतो. असं झालंय इतकी वर्षं. तू हसशील. नाही हसत? बरं.

ह्या वर्षी आला नाही. मी चहा केला, बशी झाकली. गार झाला. म्हटलं, दुसऱ्या दिवशी येईल. मग म्हटलं, जत्रेच्या गर्दीमुळं थांबला असेल, जत्रा उठली की येईल. जत्रा उठून गेली. परवा इथली एक बाई, गोखिवऱ्याला गाळ्यात पॅकिंगला जाते, तिला सहज म्हणून विचारलं. ती म्हणाली, तो वेल्डर ना, तो तर अंथरुणातच असतो, त्याला दम लागतो, इथल्या इथं चालला तरी. वेल्डिंगचा धूर. तिनं हे भाजी घेता घेता सांगितलं आणि पुढं भेंडीचा भाव विचारला.

बघ, त्या दिवशी त्यानं प्लासिडला पाठीवर घेतलं. वरपासून फाट्यापर्यंत, केवढी वाट आहे ती, तू बघितलीयस. तोवर प्लासिड जिवंत होता. म्हणजे काहीतरी बोलला असेल ना? एखादा शब्द? पाणी मागितलं असेल, देवाचं नाव घेतलं असेल, माझं—कुणाचं तरी घेतलं असेल. त्याच्या कानाशी तोंड होतं त्याचं. जे काही बोलला, ते त्या माणसाच्या कानात आहे, आणि मी त्याला कधी विचारलं नाही. विचारणार कशी? आधी पाणी द्यायला हवं होतं. सिमेटरीत म्हटलं, पुढच्या वर्षी. मग परत पुढच्या वर्षी. खिडकीत कप ठेवताना ओठावर यायचं. तो मान खाली घालून चेन पुसत असायचा आणि मी आत वळायची.

झालं तुझं? बसली चेन? चांगली ताणलीयस, जास्त नको ताणू. राहतोस कुठं म्हणालास तू—एव्हरशाईन. म्हणजे गोखिवऱ्याच्या बाजूलाच की. तिथं जुन्या गाळ्यांच्या मागं एक चाळ आहे, बाहेर पाण्याचा नळ आहे मोठा, तिथं श्रीपत वेल्डर म्हणून विचारलंस तर कुणीही… नाही, तू कशाला जाशील. तुझं काय काम तिथं. जाशील? खरंच जाशील? मग त्याला म्हणावं—काय म्हणावं? चहा गार झाला म्हणून सांग. नको, ते नको. रेजिनाबाय चिडलेली नाही म्हणावं. तेही नको, चिडलेय मी, खोटं कशाला सांगायचं. त्याला सांग, रेजिनाबायचं एक विचारायचं राहिलंय. एवढंच सांग, त्याला कळेल. आणि म्हणावं, तू येऊ नकोस, तुला दम लागतो, मीच येते, रिक्षानं येते उद्या—उद्या नको, आजच संध्याकाळी येते म्हणावं. तोवर थांब म्हणावं.

हसू नको, मी रडत नाहीये, धुळीनं होतं असं. किल्ली डब्यात टाक. केळी घेऊन जा, ही पिकलेली आहेत, आजच खा. निघ आता. पुढच्या वळणावरनं डावीकडं जा, तळ्याकडनं नको. अरे, बघत काय राहिलास. जा.